पुरानंतर घरं उभी करणारे हात: त्यांची कदर कशी करायची?

मी नंदिनी नगरमधून बोलतोय. दुर्ग जिल्ह्यातली ही खाणीची वसाहत. इथली चुनखडी भिलाईच्या पोलाद कारखान्यात जाते. भट्टीत ती लोखंडातली घाण आपल्याकडे ओढून घेते आणि स्लॅग होऊन बाहेर पडते. भिलाईचे रूळ देशभर पोचतात, पण रुळाकडे पाहून चुनखडीची आठवण कुणालाही येत नाही. आज मला बोलायचंय ते अशाच माणसांबद्दल. पूर ओसरल्यावर लोकांची घरं पुन्हा उभी करायला जाणारे चर्चचे स्वयंसेवक. त्यांची कदर करावी का? आणि करायची तर कशी?

आधी त्यांचं काम नेमकं काय असतं ते समजून घेऊ. शिवनाथ असो की कृष्णा, पूर आला की पहिल्या आठवड्यात मदतीची रीघ लागते. जेवणाची पाकिटं, कपडे, पाण्याच्या बाटल्या. तिसऱ्या आठवड्यात रस्ता रिकामा होतो, आणि खरं काम तिथून पुढे सुरू होतं. घरात गुडघाभर गाळ असतो. तो वाळला की दगडासारखा होतो, म्हणून ओला असतानाच काढावा लागतो. पण काढण्याआधी फोटो घ्यायचे, पटवाऱ्याचा पंचनामा होऊ द्यायचा. छत्तीसगडात पडलेल्या घराची सरकारी मदत राजस्व पुस्तक परिपत्र ६-४ नुसार मिळते. नुकसानीचा पुरावाच गाळाबरोबर बाहेर गेला तर ती अडकते. मग भिंती वाळू द्यायच्या. ओल्या भिंतीवर घाईने गिलावा केला की तो पोपडे होऊन गळतो. मातीची भिंत पायाशी विरघळली असेल, तर वरची कवेलू उतरवून ती नव्याने उचलावी लागते. विजेची जोडणी तपासायची, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची. हे सगळं महिनोन्महिने चालतं. तिथे लागतो तो दर रविवारी न चुकता परत येणारा माणूस.

चर्चची मंडळी या कामात का दिसतात? कारण त्यांच्याकडे दर आठवड्याला एकत्र येणारा गट तयारच असतो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात १९५० साली मेनोनाइट पंथाच्या काही तरुण जोडप्यांनी एका सहलीत ठरवलं, की संकटात शेजाऱ्यांच्या कामी यायचं. त्यातून ‘मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस’ उभी राहिली. पूर आणि वादळानंतर घरं बांधणं हेच तिचं काम. या पंथाशी आपल्या छत्तीसगडचं जुनं नातं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी हिंदुस्थानात धान्य पाठवलं, आणि १८९९ मध्ये त्यांचे लोक धमतरीला येऊन राहिले. तिथलं ख्रिश्चन हॉस्पिटल आजही चालू आहे.

आता अडचणीचा मुद्दा. कुणी म्हणेल, दान गुपचूप करावं, गाजावाजा करू नये, ही तर येशूची शिकवण. मग सत्कार कशाला? बरोबर आहे. स्वतःची जाहिरात स्वतः करू नये. पण दुसऱ्याने केलेलं काम आपण सांगू नये, असं त्या शिकवणीत कुठेही नाही. उलट बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढून पाहा. पडलेला यरुशलेमचा कोट पुन्हा कसा बांधला, त्याची ती नोंदवही आहे. कोणता तुकडा कुणी बांधला, कोणती वेस कुणी बसवली, सगळं नावानिशी. त्यात सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं करणारे आहेत, आपल्या मुलींना घेऊन आलेला शल्लूम आहे. तकोवा गावच्या लोकांनी काम केलं, पण त्यांच्या बड्या मंडळींनी मान वाकवली नाही, हेही लिहून ठेवलंय! त्या यादीत विशेषणं जवळजवळ नाहीत. फक्त माणूस आणि त्याचं काम. मला वाटतं, कदर करण्याची सगळ्यात चांगली रीत हीच आहे.

आता आपल्या देशातलं उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला. मच्छीमार आपल्या होड्या ट्रकवर चढवून पुरात अडकलेल्या गावांकडे निघाले. अनेक किनारी गावांत चर्चच्या धर्मगुरूंनी हाक दिली होती. त्या मच्छीमारांत ख्रिस्ती होते, मुसलमान होते, हिंदूही होते. त्यांनी हजारो लोकांना बाहेर काढलं. मुख्यमंत्र्यांनी त्यांना केरळचं स्वतःचं सैन्य म्हटलं. सरकारने एका होडीमागे दिवसाला तीन हजार रुपये आणि इंधन जाहीर केलं, तेव्हा एका तरुणाने सांगितलं, भावंडांना वाचवण्याचे पैसे नकोत. पण खडकांवर, भिंतींवर आपटून अनेक होड्या मोडल्या होत्या. ज्याचं पोट होडीवर आहे, त्याला नुसती शाल देऊन कसं चालेल? सरकारने होड्यांच्या दुरुस्तीचीही जबाबदारी घेतली, ही खरी कदर. हे काम सुटकेचं होतं, बांधकामाचं नव्हे. पण धडा दोन्हीकडे तोच आहे.

मग आपण काय करायचं?

पहिली गोष्ट, गुण सांगू नका, काम सांगा. ‘सेवाभावी कार्यकर्ते’ म्हटलं की कुणीच डोळ्यांसमोर येत नाही. ‘यांनी चार घरांचा गाळ काढला, शाळेमागच्या घराची चौकट बसवली’ म्हटलं की गाव मान डोलावतं.

दुसरी, मागे राहिलेल्यांना विसरू नका. डबे करून देणाऱ्या बाया, ट्रॅक्टर देणारा शेतकरी, हिशेब ठेवणारी मुलगी, आणि दुसऱ्याला जाता यावं म्हणून कारखान्यात त्याची पाळी करणारा सोबती. यादीत त्यांचीही नावं हवीत.

तिसरी, सत्काराच्या खर्चातून आधी गमबूट, हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अपघात विमा होऊ द्या. शाल-श्रीफळाला माझा विरोध नाही, पण ते त्यानंतर.

चौथी, घराच्या मालकाला मंचावर ‘लाभार्थी’ म्हणून उभं करू नका. त्याचं घर बुडालंय, अब्रू नाही. कार्यक्रम वास्तूच्या दिवशी त्याच्याच घरी ठेवा, तो यजमान असू द्या. चहा त्याच्या चुलीवरचा असू द्या. मेनोनाइट मंडळी नव्या घरात राहायला येणाऱ्या कुटुंबाला अनेकदा हाताने शिवलेली गोधडी देतात. म्हणजे ज्यांनी घर बांधलं तेच भेट घेऊन पाहुणे म्हणून येतात. फोटो काढायचा की नाही, तेही घरमालकाला विचारा.

पाचवी गोष्ट नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. चर्चने मदत केली की ‘यामागे धर्मांतर तर नाही ना’ असा प्रश्न आपल्याकडे निघतो. त्यावर चिडून उपयोग नाही. कोणाची घरं आधी घ्यायची ती यादी ग्रामपंचायतीत बसून, गरज पाहून ठरवा. ती भिंतीवर लावा. आलेला पैसा, लागलेलं सिमेंट, सगळा हिशेब उघडा ठेवा. कामाच्या जागी प्रचार नको. असं झालं की कदर करायला मंदिर समितीचे अध्यक्षही येतात, मशिदीतले बुजुर्गही येतात. शेजाऱ्याने सगळ्यांसमोर दिलेली साक्ष स्वयंसेवकांना कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त सांभाळते.

आणि हे सगळं पहिल्या आठवड्यात, कॅमेरे असताना करू नका. घरात चूल पेटल्यावर करा. एक साधी वही घ्या. तारीख, घर, काम, माणूस. पूर पुन्हा येणार आहे. तेव्हा कुणाला बोलवायचं, चौकट कोण बसवतं, गवंडी कोण, पंप कुणाकडे आहे, हे त्या वहीतच सापडेल. ज्याची आपण नोंद ठेवली, तो पुढच्या वेळी हाक मारण्याआधी येतो.

तुमच्या गावात अशी माणसं असतील तर ती वही या रविवारीच सुरू करा. भेटू पुढच्या भागात.