पाचट जाळू नका, वावरातच झाका



ऊस तुटून गेला की दुसऱ्या दिवशी पाचटाला काडी लागते. 'रान मोकळं होतं, उंदीर-साप राहत नाहीत' असे आपण म्हणतो. पण त्या धुरात काय जाते, याचा हिशेब एकदा मांडून पाहू.

एका हेक्टरात साधारण ८ ते १० टन पाचट निघते. म्हणजे चांगल्या उसात एकरी ४ टन धरा. पाचटात नत्र सुमारे अर्धा टक्का, स्फुरद ०.२ टक्के, पालाश ०.७ ते १ टक्का असते. एकरी हिशेब केला तर २० किलो नत्र, ८ किलो स्फुरद आणि किमान २८ किलो पालाश. शिवाय दीड टनाच्या आसपास सेंद्रिय कर्ब. पाचट पेटविले की नत्र व कर्ब हवेत जातात. मागे उरते ती राख, आणि तीही वाऱ्याने उडते.

आपल्या कळवण भागात खरी अडचण उन्हाळ्याची. दोन आवर्तनांमध्ये अंतर पडले, विहिरीने तळ गाठला, की खोडवा पिवळा पडतो. उघड्या जमिनीवर ऊन थेट पडते व ओल उडून जाते. पाचटाचे पांघरूण असले की माती थंड राहते, ओल टिकते, पाण्याच्या दोन पाळ्यांत अंतर वाढवता येते. तणालाही उजेड मिळत नाही, म्हणून निंदणी वाचते.

हे करायचे कसे? बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटून घ्या. बुडख्यावरचे पाचट बाजूला ओढून सरीत सारखे पसरा, म्हणजे फुटवा मोकळा येईल. छाटलेल्या बुडख्यांवर बुरशीनाशक फवारा. मग पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट व ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्या. पाणी पहिल्यांदा हळू सरते हे खरे. पाचट पायाने दाबून घेतले की पुढे चालते.

युरिया कशाला, असे कुणी विचारील. पाचटात नत्राच्या मानाने कर्ब सुमारे ८० पट असतो. कुजविणाऱ्या जिवाणूंना नत्र लागते. ते वरून दिले नाही तर ते जमिनीतले उचलतात आणि ऊस उपाशी राहतो.

पुढची खते पहारीने द्या. बुडख्यापासून १५ सें.मी. अंतरावर, १० ते १५ सें.मी. खोल, दर ३० सें.मी.ला एक भोक. निम्मा हप्ता १५ दिवसांच्या आत एका बाजूला, उरलेला १३० ते १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूला. बगला फोडायची गरज नाही.

घराजवळची परसबाग, लिंबू, डाळिंब यांना वखारीतल्या लाकडाच्या ढलप्याही चालतात. आळ्यात तीन इंच थर द्या, पण खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा. खोड ओले राहिले तर कुजते. ढलप्या मातीत मिसळू नका. लाकडात नत्र पाचटाहूनही फार कमी, त्यामुळे मातीत गाडल्या की पीक पिवळे पडते. वर पसरल्या तर त्रास होत नाही. वाळवी दिसते का, यावर नजर ठेवा. आणि तेल्या आलेल्या डाळिंबाच्या छाटणीची लाकडे मात्र कधीही आच्छादनाला वापरू नका. रोग पुन्हा बागेतच येईल. ती बागेबाहेर नेऊन नष्ट करा.

कुणाला अजून शंका असेल त्याने यंदा निदान दहा गुंठे खोडव्यात पाचट ठेवून बघावे, बाकीचे नेहमीप्रमाणे. चैत्र-वैशाखात दोन्हीकडची माती मुठीत दाबून पाहा. मग पुढच्या तोडीला काडीपेटी घरीच ठेवायची की नाही, ते आपले आपणच ठरवा.