हरवलेला हलन्त : संगणकातील व्यत्यय-संकेत आणि पाठचिकित्सा

१९९१ मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय भाषांच्या यंत्रवाच्य संचयिका तयार करण्याचे काम हाती घेतले. त्यात दक्षिणेकडील चार भाषा म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाकडे (स्थापना १९६९) आणि मराठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे होती. पुढे हे संग्रह म्हैसूर येथे एकत्र आले आणि लँकेस्टर विद्यापीठाच्या सहकार्याने इस्कीतून युनिकोडमध्ये रूपांतरित झाले. अशा संग्रहावर विसंबणारा तौलनिक अभ्यासक मुद्रित पान आणि पडद्यावरील पाठ यांत फक्त टंकलेखक उभा आहे असे गृहीत धरतो. वस्तुतः तेथे आणखी एक लेखनिक असतो, तो म्हणजे यंत्र. त्याच्या चुकांचे स्वरूप समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संगणकाचा प्रक्रियक एका वेळी एक काम करीत असतो. कळफलक, तबकडी किंवा सीरियल पोर्ट यांना काही सांगायचे असले की ते त्याच्याकडे व्यत्यय-संकेत, म्हणजे इंटरप्ट, पाठवतात. प्रक्रियक हातातले काम थांबवतो, त्या उपकरणाच्या ड्रायव्हरमधील ठरावीक भाग चालवतो आणि मूळ कामाकडे परततो. हे परतणे इतके बेमालूम असते की वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. बिघाड झाला तरी पत्ता लागत नाही, हीच खरी अडचण आहे.

सीरियल तारेवरून सेकंदाला ९६०० बिट या वेगाने मजकूर येत असेल, तर एका बाइटला आगेमागेच्या खुणांसह १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ९६० बाइट आणि प्रत्येकासाठी सुमारे १.०४ मिलिसेकंद. जुन्या ८२५० जातीच्या चिपमध्ये आलेला एकच बाइट थांबू शकत असे. ड्रायव्हरला तेवढ्या वेळात तो उचलता आला नाही, तर पुढचा बाइट त्याच्यावर येऊन बसे आणि आधीचा नाहीसा होई. नंतरच्या १६५५० ए चिपमध्ये १६ बाइटांची रांग आल्यावर हा धोका पुष्कळ कमी झाला.

इस्की संकेतप्रणालीत प्रत्येक अक्षरचिन्हाला एक बाइट असतो. 'जन्म' हा शब्द ज, न, हलन्त, म अशा चार बाइटांत साठवला जातो. त्यातला हलन्त गळाला, की 'जनम' उरतो. हा शब्द अशुद्ध दिसत नाही. संयुक्ताक्षराची अशी फोड, म्हणजे स्वरभक्ती, लोकभाषेत आणि पोथ्यांतही आढळते. एखादा अभ्यासक तिच्यावरून मौखिक परंपरेचा, किंवा हिंदी संतवाणीच्या संपर्काचा, निष्कर्ष काढू शकेल. वरील संग्रहांत असे घडले, असा येथे दावा नाही. पण घडले असते तर पाठाकडे पाहून ते ओळखता आले नसते. युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. त्यातला एक गळाला तर उरलेली साखळी अवैध ठरते आणि दोष उघड होतो. मात्र इस्कीत पडलेली गळ रूपांतरानंतर वैध युनिकोडचाच वेष घेते.

पाठचिकित्सेत कठीण पाठ ग्राह्य मानण्याचे तत्त्व आहे, कारण लेखनिक अवघड शब्द सोपा करतो. हे तत्त्व लेखनिकाला अर्थ कळतो या गृहीतावर उभे आहे. यंत्राला अर्थ कळत नाही. त्याची गळ अर्थावर नव्हे, वेळेवर अवलंबून असते. म्हणून येथे पुरावा पाठाबाहेर, यंत्राच्या नोंदींत, शोधावा लागतो.

लिनक्समध्ये 'प्रॉक' निर्देशिकेतील 'इंटरप्ट्स' या फाइलमध्ये प्रत्येक संकेतरेषेवर किती संकेत आले याची मोजणी मिळते. उपकरण वापरात असूनही आकडा हलत नसेल, तर संकेत पोहोचतच नाही : रेषा चुकीची नेमली आहे किंवा संकेत बंद ठेवला आहे. काम नसताना आकडा धावत असेल, तर बहुधा ड्रायव्हरने उपकरणातील संकेताचे कारण मिटवलेले नाही, किंवा त्याच रेषेवरील दुसरे उपकरण बोलत आहे. अलीकडच्या १,००,००० संकेतांपैकी ९९,९०० संकेत कोणत्याही ड्रायव्हरने आपले म्हटले नाहीत, तर लिनक्स ती रेषाच बंद करते आणि तशी नोंद ठेवते. आकडा योग्य असूनही मजकूर गळत असेल, तर ड्रायव्हर उशिरा पोहोचतो आहे. सीरियल ड्रायव्हर अशा गळतीची मोजणी वेगळी ठेवतो. यावरचा उपाय असा की, संकेत येताच फक्त बाइट उचलावा आणि उरलेली प्रक्रिया मागाहून करावी.

पोथीची चिकित्सक आवृत्ती काढताना संपादक प्रतीचे स्थळ, काळ आणि लेखनिक नोंदवतो. यंत्रवाच्य पाठालाही मूळ संकेतप्रणाली, रूपांतराचा मार्ग आणि प्रत्येक टप्प्यावरील पडताळा-बेरीज यांची नोंद जोडली पाहिजे. ती नसेल, तर 'जनम' हा कवीचा, लेखनिकाचा की तारेचा, हे मूळ मुद्रित प्रतीकडे परत गेल्याशिवाय सांगता येणार नाही.