जबलपूरचा ताबूत आणि इराकातली कबर

मोहर्रमच्या दहाव्या दिवशी जबलपुरात निघणारे ताजिये, म्हणजे मराठी घरांत ज्यांना ताबूत म्हणतात ते, कर्बल्यावर नेऊन थंडे केले जातात. या मिरवणुकीबद्दल एक समजूत फार घट्ट बसली आहे : ताबूत ही इमाम हुसेन यांची तिरडी, आणि गावातला कर्बला ही त्यांना पुरल्याची जागा. ताबुतापुढे श्रद्धेने नवस बोलणाऱ्या घरांतही ती सहज ऐकू येते. त्यात तथ्य काहीच नाही.

ताजिया ही हुसेन यांच्या रौज्याची, म्हणजे इराकमधल्या त्यांच्या मकबऱ्याची प्रतिकृती असते. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि बेगड यांच्या त्या डोलाऱ्यात मृतदेह नसतो, अस्थीही नसतात. कारागीर घुमट-मिनार आपापल्या कल्पनेने रचतात, त्यामुळे मूळ वास्तूशी साम्यही बेताचेच. भारतात ज्या मैदानांना किंवा तलावकाठांना कर्बला म्हणतात, त्यांना ते नाव इराकमधल्या रणभूमीवरून पडले. हुसेन भारतात कधी आलेच नव्हते; मग त्यांची कबर इथे कुठून येणार?

प्रेषित मुहम्मदांचे हे नातू १० ऑक्टोबर ६८० रोजी (१० मोहर्रम, हिजरी ६१) युफ्रेटिस नदीजवळ कर्बला येथे उमय्यद खलिफा यझीदच्या सैन्याकडून मारले गेले. इतिहासकार तबरी यांनी नोंदवलेल्या वृत्तान्तानुसार सैन्य निघून गेल्यावर जवळच्या गाजरिया गावातल्या बनू असद टोळीच्या लोकांनी हुसेन आणि त्यांच्या साथीदारांचे दफन केले. जागेविषयी शंका असणाऱ्यांनी तबरींचीच आणखी एक नोंद पाहावी. हिजरी २३६ मध्ये, म्हणजे इसवी सन ८५०-५१ च्या सुमारास, अब्बासी खलिफा मुतवक्किल याने ही कबर व भोवतालची घरे पाडून जमीन नांगरण्याचा हुकूम दिला. कबर कुठे आहे हे सर्वांना ठाऊक होते आणि लोक दर्शनाला जात होते, म्हणूनच तर हा हुकूम निघाला. पुढे तिथे पुन्हा बांधकाम झाले आणि आजही यात्रेकरू तिथेच जातात.

खरा वाद आहे तो मस्तकाचा. ते आधी कूफा आणि मग दमास्कसला यझीदकडे पाठवले गेले. त्यानंतर ते कुठे गेले याबद्दल मुस्लिम परंपरांतच एकमत नाही. शिया परंपरेत ते कर्बल्याला परत आणून धडासोबत पुरल्याचे मत प्रचलित आहे. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत त्याचे स्थान दाखवतात. फातिमी राजवटीने ११५३ मध्ये अस्कलानहून आणलेले मस्तक कैरोच्या हुसेन मशिदीत असल्याचे इजिप्तमध्ये मानतात. चौदाव्या शतकात निवर्तलेले धर्मपंडित इब्न तैमिया यांनी हा दावा खोडून मदिनेच्या बाजूने कौल दिला. यांपैकी एकच ठिकाण खरे असे ठामपणे सांगणारा माणूस श्रद्धा सांगत असतो, इतिहास नव्हे. मस्तकाविषयीच्या या वादामुळे धडाची जागाही संशयास्पद ठरवणे मात्र चुकीचे आहे.

बाकीच्या गैरसमजांना एवढी जागा लागत नाही. प्रेषित मुहम्मदांची कबर मक्केत नाही आणि काबा ही कोणाचीच समाधी नाही; ६३२ मध्ये मदिनेत पत्नी आयेशा यांच्या खोलीत त्यांचे दफन झाले, शेजारी पुढे अबू बक्र आणि उमर यांचे. हुसेन यांचे वडील अली यांची कबर अफगाणिस्तानातल्या मजार-ए-शरीफला असल्याचे तिथे मानले जाते, पण हा दावा बाराव्या शतकातला आहे; ६६१ मध्ये कूफ्यात त्यांची हत्या झाली आणि शिया परंपरा व बहुतेक अभ्यासक नजफकडेच बोट दाखवतात. आई फातिमा यांची कबर नेमकी कुठे आहे हे निश्चित नाही. थोर व्यक्तीच्या कबरीवर घुमट असतोच, हेही खरे नाही : मदिनेच्या बकी दफनभूमीत हुसेन यांचे थोरले भाऊ हसन यांची कबर आहे, आणि तिथले घुमट आधी १८०६ मध्ये व पुन्हा १९२० च्या दशकात पाडले गेले.