सूर्य, डिझेल आणि गावचा दिवा

घारापुरीची लेणी पाहावयास जाणारे प्रवासी संध्याकाळी शेवटच्या लाँचने मुंबईस परततात. त्यांच्या मागे बेटावर अंधार उरत असे, हे थोड्यांसच ठाऊक होते. राजबंदर, मोराबंदर व शेतबंदर ही तेथील तीन गावे. समुद्राखालून केबल टाकून तेथे वीज नेली, ती 2018 साली. तोवर डिझेलचे जनित्र संध्याकाळी तीन-चार तास चाले. डिझेल होडीने आणावयाचे, म्हणून प्रकाशाचे तासही मोजके.

पुणे जिल्ह्यातील दुर्गम दरेवाडीत 2012 साली सुमारे 40 घरे सौर पॅनेलच्या विजेने उजळली. सूर्यास इंधन लागत नाही. परंतु आषाढातील झडीत तो दिवसचे दिवस तोंड दाखवीत नाही. तेवढ्या दिवसांची वीज साठवावयाची, तर बॅटऱ्यांचा खर्च अतोनात होतो.

म्हणून दोहोंची सांगड घालतात. दिवसा सूर्याने गाव चालवावे व बॅटऱ्या भराव्या. रात्री त्यांवर दिवे जळावे. बॅटऱ्या उतरल्या म्हणजेच जनित्र सुरू करावे आणि तेही जवळजवळ पूर्ण भाराने. अल्प भारावरील जनित्र युनिटमागे अधिक डिझेल पिते व आतून काजळते; पूर्ण भारावर उरलेली वीज बॅटऱ्यांत साठते.

अशा रीतीने डिझेल रोजचा धनी न राहता अडीअडचणीचा सोबती होते. तार पोहोचावयास जेथे वर्षे लागतात, तेथे मुलाने रात्री पुस्तक केव्हा मिटावे, हे डिझेलच्या पिंपाने ठरवू नये, एवढेच या योजनेचे सार.