कोरफड: पिवळ्या फुलांची पाहुणी

कुवेतच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मीना अब्दुल्ला या तेलशुद्धीकरणाच्या गावी उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि वर्षाचा पाऊस जेमतेम १०० ते १२० मिलिमीटर. अशा हवेत कुंडीत तग धरणारी कोरफड आपल्याला घरचीच वाटते, पण महाराष्ट्रातही ती बाहेरूनच आली. तिचं मूळ अरबी द्वीपकल्पात, ओमानच्या डोंगरांत सापडतं.

पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ तिला लिलीच्या कुळात बसवत. आता ती ॲस्फोडेलेसी कुळात गणली जाते. खोड अगदी आखूड, त्यावर काटेरी कडांच्या मांसल पानांचा झुबका. खरी करामत पानातच आहे. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडतात. कोरफड ती रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा, रंध्रं मिटून, त्यातून अन्न तयार करते. पाणी वाचतं ते यामुळे.

पुरेसं ऊन मिळालं की मधून उंच दांडा येतो आणि त्यावर दोन-तीन सेंटिमीटरची, नळीसारखी पिवळी फुलं खाली झुकून लागतात. बी क्वचितच धरतं. वाढ होते ती बुंध्याच्या फुटव्यांनी.

पानाच्या सालीलगतचा पिवळा, कडू चीक म्हणजे आतला गर नव्हे. हाच चीक आटवून काळा बोळ करतात, आणि तो तीव्र रेचक असतो. गर खायचा असेल तर पान उभं ठेवून चीक पूर्ण निथळू द्या. गरोदर स्त्रियांनी कोरफड खाऊच नये.