श्वासनलिकेच्या डाव्या कडेची रेषा

फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या रुग्णाचे भवितव्य मूळ गाठीच्या आकाराइतकेच, किंबहुना अनेकदा त्याहून अधिक, तिच्यातून सुटलेल्या पेशी छातीतील कोणत्या लसिकाग्रंथीपर्यंत पोहोचल्या आहेत यावर ठरते. ऊतींमधून निथळणारा द्रव गाळून पुढे सोडणाऱ्या, घेवड्याच्या दाण्यासारख्या लहान ग्रंथींना लसिकाग्रंथी म्हणतात. पिएर दन्वा या फ्रेंच शल्यविशारदांनी १९४० च्या दशकात आकारास आणलेल्या, कर्करोगाचा टप्पा ठरवणाऱ्या टीएनएम पद्धतीत ‘एन’ हे अक्षर या ग्रंथींसाठी आहे: ग्रंथी रोगमुक्त असल्यास एन-०, त्याच बाजूच्या फुप्फुसात किंवा त्याच्या मुळाशी रोग असल्यास एन-१, दोन फुप्फुसांमधील मध्यावकाशात त्याच बाजूला असल्यास एन-२, आणि पलीकडच्या बाजूला किंवा हासळीच्या हाडाच्या वर पोहोचल्यास एन-३. १९९९ ते २०१० मधील रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदींत, शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीवरून ठरलेल्या या गटांमधील पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ७५, ४९, ३६ आणि २० टक्के होते.

परंतु या आकड्यांना अर्थ येतो तो ग्रंथींच्या नकाशामुळे, आणि त्या नकाशाचा इतिहास मूळ वर्गीकरणापेक्षाही अधिक वेधक आहे. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील त्सुगुओ नारुके यांनी छातीतील ग्रंथींना क्रमांक देऊन त्यांची ठाणी आखली, तर अमेरिकेत क्लिफ्टन माउंटन आणि कॅरोलिन ड्रेस्लर यांनी १९९७ मध्ये वेगळ्या सीमांचा नकाशा प्रसिद्ध केला. श्वासनलिका जिथे दुभंगते त्याखालच्या, मुख्य श्वसनीला लागून असलेल्या काही ग्रंथी जपानी नकाशात दहाव्या ठाण्यात, म्हणजे एन-१ मध्ये पडत, आणि अमेरिकी नकाशात सातव्या ठाण्यात, म्हणजे एन-२ मध्ये. त्यामुळे एकाच रुग्णाचा रोग एका देशात दुसऱ्या टप्प्याचा, तर दुसऱ्या देशात तिसऱ्या टप्प्याचा ठरू शकत असे. दोन्ही देशांतील निष्कर्षांची तुलना किती फसवी ठरत असेल, हे सांगणे नलगे.

२००९ मध्ये आंतरराष्ट्रीय फुप्फुस-कर्करोग अभ्यास संघटनेने समन्वयाचा नकाशा आणला, आणि त्यातील सर्वांत मोलाचा निर्णय एका रेषेचा होता. छातीच्या वरच्या भागातील उजव्या-डाव्या ठाण्यांची सीमा शरीराच्या मध्यरेषेवर न ठेवता ती श्वासनलिकेच्या डाव्या कडेवर नेण्यात आली, कारण तेथील लसिकेचा ओघ मुख्यतः उजवीकडे असतो आणि श्वासनलिकेसमोरच्या ग्रंथी त्याच प्रवाहातल्या असतात. परिणामी मध्यरेषेच्या किंचित डावीकडे असलेली बाधित ग्रंथी उजव्या फुप्फुसाच्या रुग्णाला एन-२ मध्ये ठेवते, आणि तीच ग्रंथी डाव्या फुप्फुसाच्या रुग्णाला एन-३ मध्ये, जिथे शस्त्रक्रियेचा विचार सहसा मागे पडतो. शरीररचनेचा निव्वळ सममित आराखडा बाजूला ठेवून प्रवाहाला प्रमाण मानणारा हा निर्णय शास्त्रीय प्रामाणिकपणाचा उत्तम नमुना होय.

नकाशा कितीही अचूक असला, तरी ग्रंथी बाधित आहे की नाही हे केवळ चित्रावरून कळत नाही. सीटी स्कॅनमध्ये आखूड व्यास दहा मिलिमीटरपेक्षा जास्त असलेली ग्रंथी संशयित मानतात, पण त्याहून लहान ग्रंथीतही रोग असू शकतो. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज शोषणारी ग्रंथी उजळते, पण क्षयाने सुजलेली ग्रंथीही तशीच उजळते, आणि क्षयाचा प्रादुर्भाव मोठा असलेल्या भारतात हा घोटाळा विशेष घातक आहे. एरिक कार्लेन्स या स्वीडिश वैद्यांनी १९५९ मध्ये मानेखालच्या छोट्या छेदातून दुर्बीण घालून ग्रंथींचे नमुने घेण्याची रीत प्रसिद्ध केली. आता बहुतेक वेळा श्वासनलिकेतून सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई घालतात. तिथून महाधमनीलगतची पाचवी व सहावी ठाणी मात्र सहसा गाठता येत नाहीत.

टीएनएम पद्धतीच्या २०२५ पासून लागू झालेल्या नवव्या आवृत्तीत एन-२ चे दोन भाग झाले असून, एकाच ठाण्यात रोग असल्यास एन-२ए आणि अनेक ठाण्यांत असल्यास एन-२बी असे म्हणतात, कारण पहिल्या गटाचे आयुर्मान सरस आढळले. यामुळे प्रत्येक संशयित ठाण्याचा वेगळा नमुना घेण्याचे महत्त्व आणखी वाढले आहे. म्हणून पेट स्कॅनच्या अहवालात छातीतील ग्रंथी उजळलेली दिसल्यास, तिचा नमुना सुईने तपासला आहे काय आणि ती कोणत्या ठाण्यातील आहे, हे दोन प्रश्न उपचार ठरण्यापूर्वी रुग्णाने व नातलगांनी डॉक्टरांना अवश्य विचारावेत.