उभ्या गाडीचे गणित

वर्षाचे दिवस ३६५. त्यांत विषम तारखा १८६ आणि सम तारखा १७९. हा सात दिवसांचा फरक एरवी कुणाच्या ध्यानातही येणार नाही, पण पुण्याच्या पेठांमध्ये तो रस्त्यावर उतरलेला दिसतो. तिथल्या अनेक अरुंद रस्त्यांच्या दोन्ही कडांना ‘पी-१’ आणि ‘पी-२’ अशा पाट्या आहेत. विषम तारखेला गाडी पी-१ च्या कडेला लावायची, सम तारखेला पी-२ च्या. दोन्ही कडांना गाड्या लावू दिल्या तर मधून वाट उरत नाही, आणि एकाच कडेला कायमची मुभा दिली तर समोरचे दुकानदार म्हणतात, आमच्यावर अन्याय झाला. मग न्यायनिवाडा कॅलेंडरवर सोपवला. गंमत अशी की ३१ तारखेनंतर लगेच १ तारीख येते. दोन्ही विषम. म्हणजे त्या दोन दिवशी गाड्यांची बाजू बदलतच नाही. ३१ दिवसांचे महिने सात, म्हणून फरकही सातच. लीप वर्षी फेब्रुवारीला २९ तारीख येते, तेव्हा आठ.

पाटीवरच्या दोन अक्षरांत एवढे गणित दडलेले असते, आणि ते सगळे रस्त्याच्या कडेच्या दोन-अडीच मीटर पट्ट्यासाठी. मला तर वाटते, गावातली सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत दुर्लक्षित जमीन हीच. तिचा सातबारा कुणाच्या नावावर नाही, पण ताबा सकाळी जो आधी येईल त्याचा.

हे पुण्याचे झाले. तीर्थपुरीसारख्या गावाचा त्याच्याशी काय संबंध? घनसावंगी तालुक्यातले हे गाव आता नगरपंचायतीचे आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने या पट्ट्यात ऊस आणला, समर्थ सहकारी साखर कारखान्याचा ‘सागर’ हा दुसरा कारखाना तीर्थपुरीला उभा राहिला. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. अशा ट्रॅक्टरला मागे घेणे जवळजवळ अशक्य असते. बाजाराच्या तोंडाशी एक मोटारसायकल वेडीवाकडी लावलेली असली तरी मागची सगळी रांग थांबते: ऊस, एसटी, शाळेची गाडी, दवाखान्यात निघालेले माणूस. एका उभ्या गाडीने शंभर चालत्या गाड्या थांबाव्यात, हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे.

समजा, एका रस्त्यावर गाड्या लावायला शंभर जागा आहेत आणि ८५ भरलेल्या आहेत. तुम्ही जागा शोधत निघालात तर सरासरी सहाव्या जागेपाशी रिकामी जागा मिळते. आता ९५ भरलेल्या धरा. फक्त दहाच गाड्या वाढल्या, पण आता सतराव्या जागेपर्यंत जावे लागते. आणि ९९ भरल्या तर? सरासरी निम्मा रस्ता पालथा घालावा लागतो. गाड्या सरळ रेषेत वाढतात, शोध मात्र उसळी मारून वाढतो. म्हणून बाजाराच्या दिवशी सकाळी सगळे सुरळीत असते आणि अकरा वाजता अचानक ‘जाम’ होतो. मधल्या वेळात गावात फार माणसे आलेली नसतात. शेवटच्या काही जागा तेवढ्या भरलेल्या असतात.

डोनाल्ड शूप नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने सारे आयुष्य या एका विषयाला दिले. लॉस एंजेलिस शहरात वेस्टवूड व्हिलेज नावाचा एक छोटा बाजार आहे, जेमतेम पंधरा चौकोनी गल्ल्यांचा. गाडीवाले जागा शोधत किती फिरतात हे त्यांनी तिथे मोजले. प्रत्येकाचा शोध सरासरी सव्वातीन मिनिटांचा निघाला. ऐकायला किरकोळ. पण दिवसभरातल्या सगळ्या गाड्यांचे आणि वर्षभराचे अंतर एकत्र केले तेव्हा आकडा आला साडेनऊ लाख मैल, म्हणजे सुमारे १५ लाख किलोमीटर. चंद्रावर दोनदा जाऊन परत यायला एवढेच अंतर लागते! त्यातला एक किलोमीटरही कुणाला कुठे पोहोचवणारा नव्हता. आपण ज्याला वाहतूक म्हणतो तिच्यातला मोठा भाग कित्येकदा मुक्कामी पोहोचलेल्या आणि थांबायला जागा शोधणाऱ्या माणसांचा असतो, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा रस्त्याकडे पाहण्याची नजरच बदलली.

यावर उपाय शोधण्याची खटपट फार जुनी आहे. ज्युलियस सीझरच्या काळात रोममध्ये दिवसा मालवाहू गाड्यांना बंदी होती. ती रहदारी रात्रीवर गेली, आणि चाकांच्या खडखडाटाने झोप लागत नाही अशी तक्रार पुढे जुव्हेनल या कवीने केली. पण पार्किंगची खरी कथा १९३५ सालची, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीची. तिथे दुकानांसमोरच्या जागा सकाळीच भरून जात आणि संध्याकाळपर्यंत हलत नसत. त्या गाड्या गिऱ्हाइकांच्या नसत, बाजारात काम करणाऱ्यांच्याच असत. कार्ल मॅगी या वृत्तपत्र संपादकाच्या पुढाकाराने जुलैमध्ये जगातला पहिला पार्किंग मीटर तिथे लागला. तासाला पाच सेंट. मीटर आधी रस्त्याच्या एकाच कडेला बसवले होते. समोरच्या दुकानदारांनी पाहिले की तिकडे गाड्या येतात, सौदा करतात आणि जागा मोकळी करून जातात. मग त्यांनीही मीटर मागून घेतले.

ही गोष्ट आपल्या प्रत्येक बाजारपेठेत सांगावी अशी आहे. पार्किंगवर निर्बंध म्हटले की व्यापारी घाबरतात, धंदा बुडेल म्हणतात. त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांचे पोट त्यावर आहे. पण साधा हिशोब मांडून पाहावा. दुकान दहा तास उघडे. समोरच्या जागेत मालकाची स्वतःची मोटारसायकल दिवसभर उभी राहिली तर त्या जागेने एकही गिऱ्हाईक आणले नाही. तीच जागा अर्ध्या-अर्ध्या तासाने मोकळी होत राहिली तर वीस गिऱ्हाइके आणते.

सॅन फ्रान्सिस्को शहराने २०११ पासून याच्याही पुढचा प्रयोग केला. जिथे गर्दी तिथे दर थोडा वाढवायचा, जिथे जागा पडून आहे तिथे उतरवायचा. प्रत्येक रस्त्यावर एखाददुसरी जागा कायम रिकामी राहावी, एवढेच उद्दिष्ट. प्रयोग संपल्यावर दिसले की जागा शोधण्याचा वेळ ४३ टक्क्यांनी घटला आणि सरासरी दर वाढण्याऐवजी थोडा उतरला. लोक पुढच्या गल्लीत गाडी लावून चालत येऊ लागले होते.

आता जागेचे माप बघू. एक मोटार उभी राहायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. आत-बाहेर करण्याची वाट धरली की भारतीय नगररचनेत मोकळ्या वाहनतळावर एका मोटारीमागे २३ चौरस मीटर धरतात. प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातल्या घरकुलाचे किमान क्षेत्रफळ आहे २५ चौरस मीटर, स्वयंपाकाच्या जागेसह. म्हणजे एका मोटारीला जवळपास एका कुटुंबाएवढी जागा! शिवाय तिला एकच जागा पुरत नाही. घरी एक लागते, कामाच्या ठिकाणी एक, बाजारात एक. आणि ती कुठेही असो, उरलेल्या जागा तिची वाट पाहत रिकाम्या असतात.

यातूनच गाडीवरचे अवलंबित्व वाढत जाते. गाड्यांसाठी जागा केली की दुकाने, शाळा, दवाखाने पांगतात. अंतर वाढले की चालणे सुटते. थांब्यासमोर गाड्या लागल्या की एसटीला कडेला घेता येत नाही, ती भर रस्त्यात थांबते, वेळापत्रक कोलमडते, आणि एसटीचा भरवसा उरला नाही की माणूस हप्त्यावर मोटारसायकल घेतो. ती मोटारसायकल पुन्हा त्याच थांब्यासमोर उभी राहते. पुण्याने हा फेरा पुरा केला आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून नावाजलेल्या पुण्यात २०१८ साली परिवहन कार्यालयाच्या नोंदीतली वाहने ३६ लाखांपुढे गेली. शहराची लोकसंख्या तेव्हा ३५ लाखांच्या घरात धरली जात होती. त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केले, पण विरोध इतका की सुरुवात पाच रस्त्यांपुरतीच ठरली. तरीही शहर थांबले नाही. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद झाले, गाड्यांना आखीव जागा मिळाल्या, आणि अशा कामांसाठी पुण्याला २०२० चा जागतिक शाश्वत वाहतूक पुरस्कार मिळाला. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवतात.

जपानने मात्र मूळच धरले. १९६२ च्या कायद्याने तिथे मोटार घेण्याआधी ती ठेवायला जागा आहे असा पोलिसांचा दाखला लागतो, आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. आपल्याकडे मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी असाच विचार जाहीर केला: पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही. जपानी कायद्यातली एक गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. खेड्यांना त्यातून सूट आहे. जिथे जागा आहे आणि बस नाही, तिथे शहराचा नियम लादत नाहीत.

म्हणून तीर्थपुरीला पुण्याची नक्कल करायची गरज नाही. दंडाची पावती हा तर शेवटचा मार्ग. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ नुसार सरकारला किंवा त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेला स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहने उभी करण्याच्या जागा ठरवता येतात. कलम १२२ नुसार रहदारीला अडथळा होईल अशी गाडी उभी करणे आजही बेकायदा आहे. नवा कायदा लागत नाही. नगरपंचायतीने बाजाराच्या तोंडाशी, वळणावर आणि एसटीच्या थांब्यासमोर कड मोकळी ठेवण्याच्या रेषा आखाव्यात. जरा लांब मोकळ्या जागेत दुचाकींचा तळ करावा. ट्रॅक्टरांचा मार्ग आणि वेळ कारखान्याशी बोलून ठरवावी. व्यापाऱ्यांना एकच विनंती: येत्या गाळप हंगामाआधी आपली स्वतःची गाडी दुकानासमोरून हलवा. ती जागा गिऱ्हाइकाची आहे.